नदीत झाड पडू द्या!

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर भागात, पाइनच्या रानात, ग्रेलिंग नावाचं एक छोटं गाव आहे. गावाला नाव मिळालं ते एका माशावरून. हा मासा गावच्या नदीत ढिगानं मिळायचा. आज गाव आहे, नदी आहे, मासा नाही. त्याची जागा ट्राउटनं घेतली आहे, आणि त्या ट्राउटच्या ओढीनं दर उन्हाळ्यात लांबलांबून माणसं येतात आणि कमरेभर पाण्यात तासन्‌तास उभी राहतात. नदीचं नाव ऑ साबल.

या नदीची गोष्ट मला आवडते ती माशाइतकीच लाकडासाठी. आधी माणसांनी या नदीत पडलेलं एकेक झाड ओढून बाहेर काढलं. मग पुढच्या पिढ्यांनी जन्मभर खपून तसंच लाकूड परत आत टाकलं. या काढण्या-टाकण्याच्या दरम्यान काय काय घडलं, त्यातल्या मला सापडलेल्या चटकदार गोष्टी पुढे देतोय.

नावातच वाळू

‘ऑ साबल’ हे फ्रेंच नाव. अर्थ साधारण ‘वाळूपाशी’. हिमयुगातल्या हिमनद्या मागे सरताना इथं वाळूचे आणि गोट्यांचे जाडजूड थर टाकून गेल्या. पाऊस पडो की बर्फ वितळो, पाणी आधी या वाळूत मुरतं आणि मग झऱ्यांवाटे सावकाश नदीत उतरतं. त्यामुळे या नदीला मोठा पूर नाही आणि मोठी ओढही नाही. उन्हाळ्यात पाणी गार. आणि आजूबाजूची तळी गोठून दगड होतात तेव्हाही वरच्या भागात नदी वाहतीच. श्रावणात दुथडी आणि वैशाखात नुसते गोटे, अशा नद्या पाहत वाढलेल्या आपल्याला हे ऐकूनच हेवा वाटतो. सुमारे २२० किलोमीटर वाहून ती ऑस्कोडा गावापाशी ह्युरॉन सरोवराला मिळते.

ट्राउटला नेमकं हेच पाणी लागतं. पाणी २० अंश सेल्सियसच्या वर चढलं की त्याचा जीव घाबरा होतो. २५ च्या आसपास ब्रुक ट्राउट दगावायला लागतो. कारण साधं आहे: गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. महाराष्ट्राच्या नद्यांत ट्राउट का नाही, याचं उत्तरही इथंच मिळतं.

ओव्याच्या वासाचा मासा

गावाला नाव देणारा ग्रेलिंग हा ट्राउटचाच नातलग. पाठीवर शिडासारखा उंच, रंगीत पर. त्याच्या शास्त्रीय नावात ‘थायमॅलस’ आहे, कारण ताज्या माशाला थाइम या सुगंधी पाल्यासारखा वास येतो असं जुने लोक सांगत. थाइमला जो वास देतो तो थायमॉल आपल्या ओव्यातही असतो. म्हणजे वासाच्या हिशेबानं हा आपल्या ओळखीचा मासा म्हणायला हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली आणि ग्रेलिंगचे दिवस भरले. भोळा मासा, पटकन गळाला लागणारा. पिंपं भरभरून तो शिकागो-डेट्रॉइटच्या हॉटेलांकडे निघाला. पण नुसत्या गळानं एखादा मासा नदीतून समूळ जात नाही. ग्रेलिंगचं घर मोडलं ते लाकूडतोडीनं. १९३६ नंतर मिशिगनच्या कुठल्याच नदीत मूळचा ग्रेलिंग दिसला नाही.

ओंडक्यांची वरात

पांढरा पाइन हे मिशिगनचं त्या काळचं सोनं. हिवाळ्यात झाडं तोडायची, ओंडके नदीच्या उंच काठावर रचायचे आणि वसंतात बर्फ वितळून पाणी चढलं की धडाधड खाली लोटायचे. नदीच त्यांना गिरणीपर्यंत नेणार. कुणाचा ओंडका कुठला हे कळावं म्हणून प्रत्येक कंपनी आपली खूण असलेल्या हातोड्यानं ओंडक्याच्या टोकाला ठसा मारी. गुरांना डाग देतात तसा. तळव्याला खिळे लावलेले बूट घालून माणसं त्या तरंगत्या ओंडक्यांवरून पळत आणि कोंडी फोडत.

ओंडके अडू नयेत म्हणून आधी नदी ‘साफ’ केली जाई. पात्रात शंभर-शंभर वर्षं पडून असलेली झाडं, मुळांचे गड्डे, फांद्यांचे गुंते सगळं बाहेर. मग ओंडके तळ खरवडत जात. तेही वसंतात, नेमके ग्रेलिंग अंडी घालायचा तेव्हा. काठावरून लोटलेल्या ओंडक्यांबरोबर वाळूच्या दरडी नदीत कोसळत. सावलीची झाडं गेली तसं ऊनही थेट पाण्यावर पडू लागलं.

त्या मूळ अरण्याचा एक लहानसा तुकडा अजून पाहायला मिळतो. कॅरन हार्टविक या बाईंनी १९२७ साली एका लाकूड कंपनीकडून आठ हजार एकरांच्या आसपास जमीन विकत घेतली आणि पहिल्या महायुद्धात गेलेल्या नवऱ्याच्या स्मरणार्थ राज्याला देऊन टाकली. त्यात जुन्या पाइनची ८५ एकर राई होती. १९४० च्या वादळात बरीच झाडं पडली. आज सुमारे ४९ एकर उरली आहे. देवराईत शिरताना मान आपोआप वर जाते, तशीच इथंही जात असणार.

शास्त्रज्ञांनी मुद्दाम नदीत वाळू ओतली

या यादीतली ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारी वाटते.

ट्राउटची मादी अंडी घालायला गोट्यांचा तळ शोधते. कुशीवर होऊन शेपटीनं तळ झोडपते, खळगा करते, अंडी घालते आणि वरून पुन्हा बारीक गोटे ओढून घेते. ब्रुक आणि ब्राउन ट्राउट हे शरद ऋतूत करतात. अंडी हिवाळाभर गोट्यांखाली राहतात आणि पिल्लं बाहेर येतात ती वसंतात. इतके महिने गोट्यांच्या फटींतून गार पाणी खेळत राहिलं पाहिजे. फटीत वाळू बसली की अंड्याचा श्वास कोंडतो. शिवाय गोट्यांच्या आडोशाला राहणारे किडे जातात, खोल डोह भरून सपाट होतात.

हे अंदाजानं सगळ्यांना माहीत होतं. नेमकं किती नुकसान होतं ते मोजायचं कसं? मिशिगनमध्येच हंट क्रीक नावाचा ओढा केवळ संशोधनासाठी राखलेला होता. गेलॉर्ड अलेक्झांडर आणि एडवर्ड हॅन्सन या दोघांनी तिथं पाच वर्षं रोजच्या रोज वाळू ओतली, तळाशी वाहणारी वाळू चार-पाच पट होईल इतकी. ब्रुक ट्राउटची संख्या निम्म्याहून खाली आली. डोळ्यांना पाणी स्वच्छच दिसत होतं. वाळू तळाशीच सरपटते, पाणी गढूळ करत नाही. नदी काचेसारखी दिसत असतानाही आतून मरू शकते, हे या प्रयोगानं दाखवलं.

त्यांनी उलटा प्रयोगही केला. पॉप्लर क्रीक नावाच्या दुसऱ्या ओढ्यात पात्रातच एक मोठा खड्डा खणला. वाहत आलेली वाळू त्यात पडायची आणि खड्डा भरला की उपसायची. खालच्या भागातली वाळू ८६ टक्क्यांनी घटली आणि लहान ट्राउट सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. ऑ साबलच्या परिसरात असे वाळूचे सापळे मग बरेच खणले गेले.

एक गोष्ट इथं स्पष्ट सांगायला हवी. हे वाचून आपल्याकडच्या वाळूउपशाला कुणी टेकू शोधू नये. आपल्या नद्यांतली वाळू ही नदीनं हजारो वर्षांत स्वतः रचलेली आहे. पाणी धरून ठेवणारा तो नदीचा माठ आहे. तिथली वाळू माणसानं काठ मोडून नदीत ढकललेली होती. जिथं काढायला हवी तिथं काढतात आणि जिथं राहायला हवी तिथं राहू देतात, एवढंच त्याचं शास्त्र आहे.

एका पडलेल्या झाडाची पाच कामं

पहिलं: पाणी झाडाखालून जोरानं जातं आणि तळ खरवडून डोह करतं. दुसरं: खरवडलेली वाळू बाजूला साठते आणि मधले गोटे धुऊन निघतात. तिसरं: बगळा, खंड्या, पाणमांजर यांच्यापासून माशाला आडोसा. चौथं: भिजल्या सालीवर शेवाळ, शेवाळावर किडे, किड्यांवर मासे. पाचवं: वाहून जाणारा पालापाचोळा तिथं अडकतो, कुजतो आणि साऱ्या नदीचं जेवण होतो.

लहानपणी आजोळच्या ओढ्यावर आम्ही गरी टाकायचो तेव्हा मोठी मुलं सांगायची, ‘मोकळ्या पाण्यात काय बघतोस, मुळाखाली टाक.’ उंबराची मुळं जिथं पाण्यात उतरली होती तिथंच मळ्याचे मासे लागायचे. मिशिगनचे शास्त्रज्ञ ज्या निष्कर्षाला आले तो त्या पोरांना तोंडपाठ होता.

शास्त्रानं हे लिहून काढलं १९३२ साली. कार्ल हब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिशिगनच्या ट्राउट-ओढ्यांची सुधारणा कशी करावी याची एक पुस्तिका काढली: ओंडक्यांचे आडोसे कसे बांधायचे, प्रवाह कुठं वळवायचा, काठ कसा धरून ठेवायचा. लगेचच महामंदीतल्या बेरोजगार तरुणांसाठी सरकारनं काढलेल्या दलांनी हे काम अंगावर घेतलं. ज्या नद्यांतून आज्यानं ओंडके काढले त्याच नद्यांत नातवानं ओंडके ठोकले, असंही काही घरांत झालं असेल.

सुरुवातीचं काम सुताराचं होतं: मोजून, कापून, खिळे मारून. हळूहळू लक्षात आलं की नदीला सुतारकाम नको असतं. अख्खं झाड, मुळाच्या गड्ड्यासकट, फांद्यांसकट टाकलं तर ते जास्त चांगलं बसतं. पण नदीकाठी ट्रक आणि यंत्रं नेली तर काठच मोडतो. उपाय काय? हेलिकॉप्टर! ऑ साबल धरून मिशिगनच्या काही नद्यांवर हेलिकॉप्टरला टांगून अख्खी झाडं आणली गेली आणि पात्रात अलगद ठेवली गेली. ज्या झाडाला नदीत पडायला वादळाची वाट पाहावी लागली असती, ते आभाळातून आलं.

लांबलचक नावाचं लाकडी घर

शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात डेव्हिड व्हेट्रानो या मत्स्यशास्त्रज्ञानं काठाखाली दडवायची लाकडी चौकट तयार केली. वर दगडमाती आणि गवत, खाली पोकळ सावली. काठ खचत नाही आणि माशाला ओसरी मिळते. नाव ठेवलं ‘लंकर्स’. गळवाल्यांच्या बोलीत लंकर म्हणजे दांडगा मासा. पण हे लघुरूपही आहे. त्याच्या पूर्ण नावाचा अर्थ होतो ‘प्रवाहाकडे तोंड करून राहणाऱ्या ट्राउटकुळातल्या माशांना सांभाळणारी पाण्याखालची छोटी वस्ती’. लाडानं ठेवलेलं नाव असंच असायचं.

सोळा जण आणि एक घर

१६ जुलै १९५९. ग्रेलिंगजवळ ऑ साबलच्या काठी जॉर्ज ग्रिफिथ यांच्या घरी सोळा माणसं जमली. घराचं नाव ‘बार्बलेस हूक’, म्हणजे उलट काटा नसलेला गळ. ज्यातून मासा इजा न होता सोडवता येतो. त्या बैठकीतून ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था जन्मली, जी आज अमेरिकाभर नद्यांचं काम करते. नावाची कल्पना बदकांसाठी काम करणाऱ्या ‘डक्स अनलिमिटेड’वरून आली.

मला या सोळा जणांच्या पहिल्या भांडणाचं फार कौतुक वाटतं. त्या काळी सरकार काय करी? तलावात वाढवलेले, पोसलेले ट्राउट टँकरनं आणून नदीत सोडी. लोक खूष, दोन दिवसांत मासे फस्त. मासे पकडायला आवडणाऱ्या या माणसांनीच सांगितलं की असे मासे आम्हाला नकोत. नदी सुधारा, नदी आपले मासे आपण करील.

मासे सोडणं थांबवलं आणि मासे वाढले

त्यांचं म्हणणं खरं ठरवलं ते लांबच्या मोंटाना राज्यानं. तिथल्या डिक व्हिन्सेंट या शास्त्रज्ञानं मॅडिसन नदीवर वर्षानुवर्षं माशांची मोजदाद केली. जिथं पोसलेले मासे सोडत होते तिथं रानटी ट्राउट घटत होते. सोडणं थांबवलं तिथं ते वाढले. हौदात वाढलेल्या माशाला नदीची शिस्त ठाऊक नसते. तो उगाच धक्काबुक्की करतो, घरच्या माशाला जागेवरून उठवतो आणि बहुधा स्वतःही टिकत नाही. १९७४ साली मोंटानानं आपल्या ट्राउट असलेल्या नद्यांत मासे सोडणं बंद केलं. आज मोंटाना हे ट्राउटवेड्यांचं पंढरपूर आहे.

फ्रिजवाल्यानं दिलेली नदी

केल्व्हिनेटरचा फ्रिज आपल्याकडे अनेक घरांत होता. त्या कंपनीचा, म्हणजे नॅश-केल्व्हिनेटरचा प्रमुख जॉर्ज मेसन हा ग्रिफिथचा मित्र आणि पक्का ट्राउटवाला. १९५४ मध्ये तो वारला तेव्हा ऑ साबलच्या दक्षिण शाखेकाठची दीड हजार एकर जमीन त्यानं राज्याला देऊन ठेवली होती. अट अशी की ती कधी विकायची नाही आणि पंचवीस वर्षं तिथं कुणी तंबू ठोकून मुक्काम करायचा नाही. पुढे राज्यानं तिच्यात भर घातली. आज त्या पट्ट्यात काठावर बंगले नाहीत, रोषणाई नाही. झाड पडलं तर पडू देतात.

पाहुणे घरचे झाले. आणि लोणावळ्याची गोष्ट

ऑ साबलच्या ज्या ट्राउटसाठी एवढी धावपळ, त्यातला एकही त्या नदीचा मूळचा नाही! रेनबो ट्राउट आला पॅसिफिकच्या बाजूनं. ब्राउन ट्राउट आला युरोपातून: जर्मनीच्या बॅरन फॉन बेअर यांनी पाठवलेल्या अंड्यांतली ४,९०० पिल्लं ११ एप्रिल १८८४ रोजी मिशिगनच्याच बाल्डविन नदीत सोडली गेली, तेव्हापासून तो अमेरिकेत पसरला. ब्रुक ट्राउट हा त्यातल्या त्यात जवळचा, मिशिगनच्या उत्तरेकडच्या द्वीपकल्पाचा रहिवासी. पण ऑ साबलमध्ये त्यालाही माणसानंच आणलं. शिवाय तो काटेकोरपणे ट्राउटही नाही, ‘चार’ नावाच्या शेजारच्या घराण्यातला आहे. आधीच खचलेल्या ग्रेलिंगला या पाहुण्यांशी घासासाठी आणि जागेसाठी झगडावं लागलं.

हे वाचताना मला आपला महाशीर आठवतो. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून कर्नल साइक्स यांनी १८३९ साली ज्याचं शास्त्रीय वर्णन केलं तो दख्खनचा निळ्या परांचा महाशीर. आपल्याकडे कुणी खडस म्हणतं, आणि शास्त्रीय नावात ‘खुद्री’ आहे. धरणांनी आणि सुरुंगानं मासेमारी करणाऱ्यांनी तो घटू लागला तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वीजकंपनीनं १९७० च्या दशकापासून त्याची पैदास सुरू केली. महाशीरची अंडी काढून, फळवून, पिल्लं वाढवण्याचं तंत्र तिथं बसवलं गेलं. लाखो पिल्लं देशभरच्या पाण्यात गेली. मनापासून केलेलं मोठं काम होतं ते.

पण ती पिल्लं कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महाशीर आहे, नारिंगी परांचा, पाठीला उंचवटा असलेला, आकारानं राक्षस. पुढच्या काही दशकांत निळ्या परांचे मासे वाढत गेले आणि नारिंगी परांचे दिसेनासे होऊ लागले. २०१८ मध्ये कावेरीचा हा महाशीर नष्ट होण्याच्या अगदी कडेला असलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत गेला. धरणं, प्रदूषण, वाळूउपसा ही कारणं आहेतच. पण बाहेरून आलेला भाऊबंद हेही एक आहे. एका नदीत औषध असलेला मासा दुसऱ्या नदीत दुखणं होऊ शकतो. आपल्याच मातीतल्या माशाच्या बाबतीत हे घडलं, म्हणून मला ते जास्त लागतं.

पवित्र पाणी

ग्रेलिंगच्या खाली ऑ साबलचा एक बारा-चौदा किलोमीटरचा पट्टा आहे. तिथं फक्त खोट्या माशीच्या, म्हणजे पिसं बांधून माशीसारख्या केलेल्या, गळानं मासा धरायचा आणि धरला की लगेच पाण्यात सोडायचा. गळवाले या पट्ट्याला ‘होली वॉटर’ म्हणतात. आपल्याला हे नवं नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले महाशीर देवीचे. लोक त्यांना खाऊ घालतात, गळ कुणी टाकत नाही. एकीकडे कायदा, एकीकडे श्रद्धा. डोह मात्र दोन्हीकडे राखलेला.

एका रात्रीची जत्रा

जूनच्या शेवटाला, दिवस मावळला की ऑ साबलच्या काठी माणसं अंधारात गुपचूप बसलेली दिसतात. बोलत नाहीत, बत्ती लावत नाहीत. कान देऊन ऐकतात. कशासाठी? हेक्स माशीसाठी. ही बोटाच्या दोन पेरांएवढी पिवळी मेफ्लाय. एक-दोन वर्षं ती तळाच्या गाळात बीळ करून राहते आणि मग एका उबदार रात्री हजारोंच्या संख्येनं वर येते. पूर्ण वाढलेल्या माशीला चालतं असं तोंडच नसतं. खायचं नाही, फक्त जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि एक-दोन दिवसांत संपायचं. पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारे कीटक जगात फक्त मेफ्लायच.

वर्षभर ओंडक्याखाली दडलेले सर्वांत म्हातारे, सर्वांत थोर ब्राउन ट्राउट या रात्रीच बाहेर येतात. अंधारात ‘चप्’ असा घुटका ऐकू येतो आणि त्या आवाजाच्या दिशेनं गळ फेकायचा. या माश्यांचे थवे इतके दाट असतात की २०१४ च्या जुलैत विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉसजवळ मिसिसिपीवरचा थवा हवामानाच्या रडारवर पावसासारखा उमटला होता.

आणि पाहा, हेक्सला गाळ लागतो! अंड्यांना गोटे, हेक्सला काठाचा गाळ. मध्यभागी धुतलेला तळ आणि कडेला साचलेला मऊ गाळ हे दोन्ही एकाच वेळी कोण करतं? पडलेलं झाड.

झटपट

माशाला पाण्याबाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून. खिडकीबाहेर पाण्याचा आरसा. म्हणून जाणते गळवाले काठावर वाकून चालतात.

जगातल्या सर्वांत लाडक्या खोट्या माश्यांपैकी ‘अॅडम्स’ ही मिशिगनचीच. १९२२ मध्ये लेन हॅलडे यांनी बोर्डमन नदीसाठी ती बांधली; कोंबड्याची पिसं आणि मस्करॅट या पाणउंदराची लव. नाव दिलं ते त्यांच्या ओहायोच्या वकीलमित्राचं, ज्यानं ती पहिल्यांदा पाण्यात टाकली.

खोटी माशी मात्र खूप जुनी. साधारण १,८०० वर्षांपूर्वी ईलियन या लेखकानं मॅसिडोनियातले लोक लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं गळाला बांधून मासे धरतात असं लिहून ठेवलं आहे.

ऑ साबलची स्वतःची नाव आहे: जवळपास २४ फूट लांब, चिंचोळी, सपाट बुडाची. लाकूडतोड्यांच्या छावण्यांना शिधा पोचवण्यासाठी ती बनली. बांबूसारख्या काठीनं रेटायची आणि वेग कमी करायला मागे साखळी सोडायची. आजही ट्राउटवाल्यांना घेऊन ती तशीच फिरते.

१९४७ पासून इथं होडीची शर्यत होते: रात्री नऊला ग्रेलिंगच्या रस्त्यातून होड्या डोक्यावर घेऊन धावत निघायचं आणि १२० मैल वल्हवत दुसऱ्या दिवशी ऑस्कोडा गाठायचं. वाटेत सहा धरणं. प्रत्येक धरणापाशी होडी उचलून पलीकडे.

१९०३ मध्ये दोन जण ऑ साबलवर ट्राउट धरायला गेले आणि त्यांना कर्टलंड्स वॉर्बलर हा दुर्मीळ पक्षी मिळाला. तो घरटं कुठं करतो हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. त्याच उन्हाळ्यात नॉर्मन वुड यांनी नदीजवळच्या कोवळ्या जॅक पाइनखाली पहिलं घरटं शोधलं. धोक्यातल्या पक्ष्यांच्या अमेरिकी यादीतून तो २०१९ मध्ये बाहेर पडला.

मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती जॉन व्होल्कर यांनी टोपणनावानं लिहिलेल्या ‘अॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’वर १९५९ मध्ये गाजलेला चित्रपट निघाला. पैसा हाती येताच त्यांनी १९६० उजाडता उजाडता न्यायासन सोडलं. बाकीचं आयुष्य लिहिण्यात आणि ट्राउटमध्ये घालवलं.

आपल्याकडे ट्राउट आला काश्मीरमार्गे. १८९९ मधली अंडी प्रवासातच मेली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली जगली. फ्रँक मिचेल यांनी ती वाढवली. नीलगिरीत रेनबो रुजवला तो १९०७ च्या सुमारास हेन्री चार्ल्स विल्सन यांनी.

बादलीतला ग्रेलिंग

आता पुन्हा त्या ओव्याच्या वासाच्या माशाकडे. मिशिगनचं सरकार, ओटावा जमातीची ‘लिटल रिव्हर बँड’ आणि बऱ्याच संस्थांनी २०१६ मध्ये ग्रेलिंग परत आणायचा संकल्प सोडला. अलास्कातून अंडी आणली, त्या पिल्लांना वाढवून त्यांचीच पुढची अंडी मिळवली. २०२५ च्या मे महिन्यात ती अंडी तीन नद्यांत ठेवली गेली: मॅनिस्टी, मेपल आणि बोर्डमन. यातली बोर्डमन म्हणजे ‘अॅडम्स’वाली नदी. तिच्यावरची तीन जुनी धरणं २०१२ ते २०१८ दरम्यान पाडून टाकली होती.

हौदात वाढवलेली पिल्लं आणून सोडायची नाहीत, हे या वेळी आधीच ठरलेलं होतं. नदीकाठीच बादल्या मांडल्या, त्यांतून नदीचंच पाणी खेळवलं आणि अंडी त्यात फुटू दिली. पिल्लू डोळे उघडतं तेव्हा त्याच्या नाकात पहिला वास शिरतो तो त्या नदीचा. पोहायला लागलं की ते आपल्या पायानं, म्हणजे आपल्या परानं, नळीतून नदीत उतरतं.

ऑ साबल या तीन नद्यांत नाही. तिथं ट्राउट दाटीवाटीनं नांदतात आणि ग्रेलिंगच्या पिल्लांना ते उभं राहू देतील की नाही, याचा अंदाज आधी इतर पाण्यात घ्यावा लागेल. ग्रेलिंग गावच्या पुलाखालून आजही पाणी तसंच गार, तसंच एका वेगानं जातं, आणि काठाचा एखादा सीडार वाकून वाकून एक दिवस त्यात आडवा पडतो. तो कुणी उचलत नाही.